छत कापलेली गाडी

लिलावाच्या शेडमध्ये ती निळी, बिनछताची गाडी ढकलत आणली आणि गाड्यांचे पत्रे ठोकणाऱ्या म्हाताऱ्या डेंटरच्या तोंडचं पाणी पळालं. शेजारी बसलेली लेक मात्र नंबरची पाटी घट्ट धरून हरखून गेली होती. आठ वर्षं तिने अशाच गाडीचा ध्यास घेतला होता.

"बाबा, कशी आहे?"

बाबा काय बोलणार, कपाळ! मुळात ही छत असलेली गाडी. तीस वर्षांपूर्वी एका उतावळ्या गिऱ्हाईकासाठी यांनीच दोन दिवसांत तिचं छत कापलं होतं. छत गेलं की गाडीची कंबर ढिली पडते, म्हणून तळाला जाड पट्ट्या जोडाव्या लागतात. त्या यांनी जोडल्याच नव्हत्या. ठोकर बसली तर गाडी मधोमध मोडायची. आणि हेच गृहस्थ घरात बसून सगळ्या गावच्या डेंटरांना नावं ठेवत आले होते.

बोली चढू लागली. लेकीची पाटी वर गेली, पुन्हा गेली.

"थांब," त्यांनी तिचा हात धरला. "ही मी कापलीय. तळ कच्चा ठेवलाय."

"तुम्ही?" पाटी खाली आली. "मग दुसरा घेईल त्याचं काय?"

हे मात्र वर्मी लागलं. डेंटर उठले आणि बोली पुकारणाऱ्या बाईंना म्हणाले, "बाई, बोली थांबवा! दोघांना आत बसवा आणि दारं लावून दाखवा. कंबर खचली असेल तर लागायची नाहीत. छत मीच कापलंय."

"म्हातारा भाव पाडतोय!" मागून कुणीतरी ओरडलं आणि खसखस पिकली. बाईंनी दोन धिप्पाड हमाल आत बसवले. एक दार उघडून बोटाने ढकललं. खट्. दुसरं ढकललं. तेही खट्.

झालं! चारचौघांत परीक्षा पास झालेली गाडी कोण सोडतो? बघता बघता बोली लेकीच्या आवाक्याबाहेर गेली आणि एका टकल्या बेकरीवाल्याने गाडी पटकावली. लेकीने पाटी मांडीवर पालथी घातली. तिला रडू येत होतं आणि बापाचा रागही येत होता.

बापाला मात्र वेगळाच किडा चावला होता. पट्ट्या आपण जोडल्या नाहीत, मग जोडल्या कुणी? त्यांनी बेकरीवाल्याच्या हातापाया पडून परवानगी काढली, टॉर्च मागितला आणि पाठीवर सरपटत थेट गाडीखाली घुसले. खूप वेळ नुसते पायच दिसत होते.

लेक शेवटी तिथे येऊन उकिडवी बसली. "केलंय का कुणी काही?"

"दोन्ही बाजूंनी पट्ट्या जोडल्यात. वेल्डिंगचा एकेक टाका बघ, सरळ रेषेत."

"चांगलं आहे?"

टॉर्चचा उजेड पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकला.

"माझ्यापेक्षा चांगलं," ते म्हणाले.

लेकीने जन्मात हे ऐकलं नव्हतं.

"सरका जरा," ती म्हणाली आणि नव्या कपड्यांची पर्वा न करता त्यांच्या शेजारी खाली घुसली. "दाखवा, कुठे?"