तापल्यावरचा समुद्र

खुळखुळा गादीवरून घसरून फरशीवर पडला आणि मी हातातला पेचकस तसाच धरून थिजले. बाळाने ओठ चोखले, कूस बदलली आणि ते पुन्हा झोपलं. दुपारी दोन ते साडेतीन, एवढाच माझा दिवस. बाकीचा सगळा इतरांचा.

टेबलावर शिंपीकाकांचा जुना व्हिडिओ गेम होता. करडा डबा, दोन कंट्रोलर, त्यातल्या एकाची वायर चिकटपट्टीने गुंडाळलेली. असे डबे परदेशातून यायचे आणि इथल्या टीव्हीला लावले की चित्र नुसतं काळंपांढरं दिसायचं. बाबा आत एक छोटी पट्टी जोडून रंग आणायचे. अर्धं आयुष्य त्यांनी हेच केलं. आता त्यांचे हात थरथरतात, म्हणून स्वयंपाकघरालगतच्या या खोलीत मी करते.

काका सकाळी दारातच उभे राहिले होते.

"दुकान बंद केलं, पोरी. आवरताना हा सापडला. याच्यातला समुद्र तेवढा निळा करून दे. जांभळा दिसतो."

"कधीपासून?"

"तुझ्या बाबांनी रंग बसवून दिला तेव्हापासून."

"आणि तुम्ही इतकी वर्षं बोलला नाहीत?"

काकांनी आत डोकावून पाहिलं आणि आवाज उतरवला. "काय बोलणार? बटण तुटलं की तुझे बाबा शर्ट घेऊन यायचे. दोरा मीच निवडायचो. त्यांनी कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही."

म्हणजे काकांना ठाऊक होतं. बाबांना निळ्याजांभळ्यातला फरक दिसत नाही, लालहिरव्यातही त्यांची गफलत होते. घराबाहेर हे कुणालाच माहीत नाही, अशा समजुतीत आम्ही सगळे सुखाने राहत होतो.

काका गेले तसा आतून बाबांचा आवाज आला, "कोण गं?"

"शिंपीकाका. गेम दाखवायला आणला होता."

"मी केलेला ना? मग रंग सोडून बाकीचं बघ. माझ्या रंगात खोट निघायची नाही."

बाबांचे रंग म्हणजे माझेच डोळे. आधी आई सांगायची. मला रंग ओळखता यायला लागले तसं ते काम माझ्याकडे आलं. बाबा मला स्टुलावर बसवायचे. त्या पट्टीवर एक इवलासा स्क्रू असतो, केसभर फिरवला तरी पडद्यावरचे सगळे रंग सरकतात. बाबा फिरवायचे, मी सांगायचे. "आता?" "नाही." "आता?" "नाहीऽ." "आता?" "निळा!" मग आईच्या नेलपॉलिशचा एक लाल थेंब त्या स्क्रूवर. सुकला की स्क्रू हलायचा नाही, आणि कुणी छेडलाच तर थेंब फुटलेला दिसायचा.

दुपारी झाकण काढलं तर थेंब अगदी शाबूत. इतक्या वर्षांत कुणी बोट लावलेलं नव्हतं. गेम चालू केला. समुद्र निळा! चांगला स्वच्छ निळा. काकांचे डोळे गेले, असं मनात आलं, आणि खरं सांगायचं तर हायसं वाटलं. झाकण लावायचं की सुटले.

तेवढ्यात बाळ उठलं. त्याचा लंगोट बदलला, त्याला खांद्यावर टाकून इकडून तिकडे फेऱ्या मारल्या. माझी पाच वर्षांची भिंगरी शाळेतून आली, एका पायात लाल मोजा, एका पायात हिरवा. सकाळी तिला आजोबा तयार करतात. तिला चालतं, मलाही आता चालतं. बाळाला बाबांकडे देऊन परत टेबलाशी आले तर समुद्र जांभळा झाला होता.

मी घड्याळ पाहिलं. वीस मिनिटं.

बाबांचा नियमच होता. रंग जुळवला की डबा तापू द्यायचा आणि वीस मिनिटांनी पुन्हा बघायचं. "थंड डबा थापा मारतो," ते म्हणायचे. "तापला की खरं बोलतो." ती वीस मिनिटं मी स्टुलावर बसून पडद्याकडे बघायचं. बाहेर मैत्रिणींच्या दोरीचा फटफट आवाज येत असायचा. बाबा दुसऱ्या डब्यात डोकं घालून विचारायचे, "अजून निळाच ना गं?" आणि मी खिडकीकडे तोंड करून म्हणायचे, "होऽऽ." आणि धूम ठोकायचे.

या डब्याचा तो दिवस काही मला आठवत नाही. तो होकार मात्र लख्ख आठवतो.

बाबा बाळाला घेऊन आत आले आणि माझ्या शेजारी बसले. "काय निघालं?"

सांगता आलं असतं. जुन्या डब्यात काहीही सुकतं, काहीही झिजतं. तोंडापर्यंत आलंही होतं.

"काही सुकलंय का?" त्यांनीच विचारलं. त्यांच्या आवाजात आशा होती. "की माझंच काही चुकलं?"

"तुमचं नाही चुकलं, बाबा. माझं चुकलं. डबा तापल्यावर मी बघत नव्हते. न बघताच हो म्हणायचे."

बाबा बाळाची पाठ थोपटत राहिले.

"सहा वर्षांची होतीस," ते म्हणाले.

"सात."

"बरं, सात. एवढ्या पोरीला वीस मिनिटं जखडून ठेवायचो." थोपटणं थांबलं. "असे आणखी किती गेले असतील गं?"

"माहीत नाही. बऱ्याचदा बघायचे मी."

बऱ्याचदा. तो शब्द आम्हा दोघांच्या मध्ये पडून राहिला. मी दमले होते. रडायलाही जरा ताकद लागते, तीसुद्धा शिल्लक नव्हती. मी नखाने थेंब खरवडला, प्लॅस्टिकचा पेचकस लावला आणि तापलेल्या डब्याचा स्क्रू केसभर फिरवला. जांभळा, जांभळा, मग निळा.

"झाला," मी म्हणाले.

बाबांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या नुसत्या शब्दावर त्यांचं भागलं नाही. "भिंगरे," त्यांनी हाक मारली, "इकडे ये बघू. हा समुद्र कसला दिसतो?"

भिंगरी बिस्किट खात आली. "निळा."

"नक्की?"

"अहो आजोबा, निळाच!"

"बस इथे. वीस मिनिटांनी परत सांगायचं."

ती बसली. पाय हलवले, टेबलाखाली जाऊन आली, बिस्किटाच्या चुऱ्याचा डोंगर केला. मीही बसले, पडद्यावरून नजर न हलवता. डोळे मिटत होते, पण बसले. वीस मिनिटांनी बाबांनी विचारलं तेव्हा आम्ही दोघी एकदमच म्हणालो, "निळा."

बाबा बाळाला खांद्यावर घेऊन उठले. "शिंप्याला फोन करतो. चूक झाली म्हणून सांगतो. आणि मला रंग दिसत नाहीत, तेही एकदाचं सांगून टाकतो."

काकांना ते केव्हाचं माहीत आहे, हे मी बोलले नाही. एवढं धाडस त्यांनी गोळा केलं होतं, ते कशाला वाया घालवायचं?

कपाटातून माझी नेलपॉलिशची बाटली काढली. बाळ झाल्यापासून उघडलीच नव्हती, झाकण चिकटून बसलं होतं. ते पिळून उघडलं आणि स्क्रूवर एक थेंब सोडला. पलीकडच्या खोलीत बाबा फोनवर घसा साफ करत होते.

"आई," भिंगरी थेंबावर फुंकर घालत म्हणाली, "आजोबांना निळा दिसत नाही?"

"निळ्याजांभळ्यातला फरक नाही कळत त्यांना."

ती फुंकर घालायची थांबली.

"मग मी खोटंच निळा म्हटलं असतं, तर त्यांना कसं कळलं असतं?"