एकोणीस वर्षांचा पाऊस

इंद्रजितला तारखेची घाई होती. त्याच्या गटाने बनवलेल्या ‘देवराई’ या फुकट वाटायच्या लिनक्स संगणकप्रणालीची नवी आवृत्ती संमेलनाच्या दिवशी बाहेर पडायची म्हणजे पडायचीच, पोस्टर छापून झालं होतं. अफरीन भरे गावातल्या भाड्याच्या खोलीत बसून हौसेने तिची चाचणी करायची. शेवटच्या आठवड्यात तिला दोष सापडला. जुना लॅपटॉप झाकण मिटून पुन्हा उघडला, की पडद्यावर ‘सेव्ह झालं’ येतं, डिस्कवर मात्र काहीच उतरत नाही.

“पुढच्या वेळी बघू,” इंद्रजित फोनवर म्हणाला. “जुनी मशीन वापरतंय कोण? तू टिक कर.”

वापरतंय कोण! तिचा बापच वापरत होता; त्याच्या लॅपटॉपवर ‘देवराई’च होती, आणि नवी आवृत्ती आपोआप चढणार होती. तरी तिने चाचणीच्या यादीत ‘तपासले’समोर टिक केली, खाली आपलं नाव घातलं. घाटात ‘अति घाई संकटात नेई’ अशी पाटी असते, आणि तिच्यासमोरूनच लोक गाडी दामटतात.

शनिवारी ताम्हिणीला घरी जाऊन अब्बांचा लॅपटॉप नीट करू, असं तिने ठरवलं. असे नऊ शनिवार गेले. फोन करायचा तर खोटी टिक केल्याचं सांगावं लागलं असतं.

तिचे अब्बा शब्बीर एकोणीस वर्षं रोज सकाळी साडेआठला अंगणातला पाऊस मोजून वहीत लिहीत. वह्यांना बुरशी लागली, तेव्हा अफरीननेच लॅपटॉप देऊन सांगितलं होतं, “यात उतरवा, मग वह्या नकोत.” म्हाताऱ्याने लेकीचा शब्द पाळला. एक वही उतरवायची, झाकण मिटायचं, वही बंबात घालायची. लॅपटॉप त्यांनी कधी बंद म्हणून केलाच नाही, त्यामुळे डिस्कवर न उतरलेलंही पडद्यावर दिसत राहिलं.

जुलैत तीन दिवस वीज गेली. बॅटरी संपली. वीज आल्यावर लॅपटॉपात नवी आवृत्ती येण्याआधी उतरवलेली पहिली दोनच वर्षं उरली होती.

अफरीन धावत आली. दिवसभर झटली, हाती काही लागलं नाही. सकाळी तिने सांगून टाकलं, “अब्बा, मला आधीच माहीत होतं.”

“मशीन रोज म्हनायचं, सेव्ह झालं,” शब्बीर म्हणाले. “मला वाटलं, लेकीचं मशीन हाय, खोटं कशाला बोलंल?”

साडेआठ झाले. ते रेनकोट चढवून बाहेर गेले, मोजून आत आले आणि लिहायला कागद शोधू लागले. अफरीनने लॅपटॉप पुढे सरकवला. “आता नीट केलाय अब्बा. यात लिहा.”

“तपासलंस?”

तिच्या तोंडून हो निघेना. शब्बीरनी जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहिलं: दोनशे बारा मिलिमीटर.