म्हसोबाचा बोकड

बनुबाईनं बोकडाला कानाला धरून उंबऱ्याच्या आत ओढलं, दाराला अडसर घातला आणि वर जुना पाटा उभा टेकवून ठेवला. बाहेर अजून पुरता अंधार पडला नव्हता. तरी आळीतली सगळी दारं एव्हाना लागलेली होती. माळावरचा लांडगा आता वस्तीत शिरायला लागला होता, आणि दिवेलागणीची वेळ त्यानं बरोबर हेरली होती.

वरची आळी म्हणजे गावाचं शेवटचं टोक. तिथून पुढं नुसता माळ आणि निवडुंग. यंदा माळावर गवताची काडी नव्हती, ससाही दिसत नव्हता, तेव्हा लांडग्यानं सरळ माणसांचा रस्ता धरला. आधी कोंबड्या गेल्या, मग पाटलांचं कुत्रं गेलं. शेजारच्या साळूबाईचा वाघ्या तर तिच्या डोळ्यांदेखत परड्यातून गेला. ती खराटा घेऊन धावली, तर लांडग्यानं मान वळवून तिच्याकडं बघितलं आणि वाघ्याला तोंडात धरून तो चालत निघून गेला. मेला पळालासुद्धा नाही, हेच तिला जास्त लागलं. साळूबाईच्या तोंडात तीळ भिजत नसे. येईल त्याला ती हेच सांगत बसायची.

बनुबाईचं भय मात्र सगळ्यांहून वेगळं होतं. तिचा एकुलता एक सयाजी पलटणीत भरती होऊन बर्माकडच्या लढाईवर गेला, तेव्हा तिनं माळाच्या तोंडाशी असलेल्या म्हसोबापुढं पदर पसरला होता. पोरगा धडधाकट परत आला, की बोकड देईन. नुसतं बोलून ती थांबली नाही. बाजारातून करडू आणलं आणि देवाच्या नावानं त्याच्या कानाला चीर दिली. चीर दिलेलं जनावर विकायचं नाही, बदलायचं नाही, हरवायचं तर नाहीच. ते लांडग्यानं नेलं, तर तिकडं परमुलखात म्हसोबा आपल्या पोराची राखण कशाला करील? म्हणून बोकड घरात आणि पाटा दाराला.

तिनं त्याला नाव दिलं नव्हतं. नाव दिलं की जीव जडतो, आणि पुढं त्याच्या मानेवर सुरी फिरायची होती. ती आपली ‘देवाचा’ म्हणायची. पण भाकरीचा पापुद्रा देवाच्याला, हरभऱ्याचा पाला देवाच्याला, आणि थंडी पडली तेव्हा सयाजीचं घोंगडंही देवाच्यालाच. आळीतल्या बाया म्हणायच्या, बनुबाईला लेक नाही, पण जावई तेवढा तिनं दावणीला बांधलाय. बनुबाईही हसायची. मग निजताना त्याला सांगत बसायची, सयाजी आला की त्याला काय काय करून घालायचं ते. कुडाच्या भिंतीपलीकडं साळूबाईला सगळं ऐकू जायचं, आणि सकाळी ते आळीभर व्हायचं.

कोंडीबा पाटील आला तेव्हा ती अंगणात जोंधळा पाखडत होती. पाटलानं फेटा काढून हातात धरला होता.

"वैनी, सूप खाली ठेवा."

ती पाखडतच राहिली.

"सयाजी गेला, वैनी. सरकारची तार आलीया."

सगळी आळी गोळा झाली, रडली. बनुबाई रडली नाही. प्रेत नाही, राख नाही, रडायचं कुणाकडं बघून? ती भिंतीला टेकून बसली, ती दिवस घातले तरी तशीच. साळूबाई तिला घास भरवायची. बोकडाला सांजच्याला आत घ्यायचं कामही तीच करायची.

पुढं बोकडाची गोष्ट निघाली. जाणत्यांनी पारावर बसून खल केला. नवस फेडायचा कसा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण देवानंच पाठ फिरवली, तर चिरेच्या बोकडाचं करायचं काय, हे कुणालाच सांगता येईना. कुणी म्हणालं विकावा, कुणी म्हणालं देवाचा तो देवाचाच. बनुबाईनं सगळं ऐकून घेतलं.

त्या दिवशी दिवेलागणीला, दारं लागत असताना, ती उठली. बोकडाचं दावं धरलं आणि माळाकडं चालू लागली. साळूबाईनं हाक मारली, ती तिनं ऐकली नाही. म्हसोबाच्या शेंदरी धोंड्यापुढं तिनं दावं टाकून दिलं.

"घे," ती धोंड्याला म्हणाली. "ह्योच पायजे हुता न्हवं तुला? आता तू खा, न्हाईतर लांडग्याला दे."

आणि ती माघारी वळली. मागं खुरं वाजली. तिनं ढेकूळ मारलं, बोकड थोडा हटला आणि पुन्हा मागं आला. ह्या वेळेला घरात जायचं असतं, एवढंच त्याला ठाऊक होतं. मग तो एकाएकी थांबला. 

निवडुंगापाशी लांडगा उभा होता. बरगड्या वर आलेल्या, पोट खपाटीला गेलेलं. त्याला कसलीच घाई नव्हती.

बनुबाईनं खाली वाकून वाटेवरचा दगड उचलला. तिचा पदर कधी पडला, हे तिला कळलं नाही. ती सरळ लांडग्याच्या अंगावर गेली.

"ह्यो न्हाई," ती म्हणत होती. "ह्यो तरी न्हाई."

दगड निवडुंगात पडला. लांडग्यानं तिच्याकडं बघितलं आणि माळाच्या अंगानं तो चालत गेला. बनुबाई तिथंच खाली बसली आणि बोकडाच्या मानेला मिठी मारून रडली. तार आल्यापासून ती पहिल्यांदा रडत होती. तिचा आवाज आळीपर्यंत गेला.

साळूबाई कंदील घेऊन धावत आली, तोवर ती दोघं परतीला लागली होती. बोकड पुढं, दावं ओढत. साळूबाई कंदील धरून त्यांच्या मागून चालली. बनुबाईनं बोकडाला आत घेतलं, अडसर घातला, पाटा टेकवला आणि सयाजीचं घोंगडं अंथरलं. मग तिनं त्याला पहिल्यांदाच नावानं हाक मारली.

कुडापलीकडं साळूबाईनं ती हाक ऐकली. कुठलं नाव, ते तिनं आळीत कधी कुणाला सांगितलं नाही.