अर्धा पियाला

"ओपा, अर्धाच पियाला?" नव्या मुलाने विचारलं.

"अर्धा दिला म्हणजे अजून बस म्हणते," मुकद्दस ओपा म्हणाली. "काठोकाठ भरला की समजायचं, ऊठ आता. घरी शिकवलं नाही वाटतं? मग विद्यापीठात काय शिकणार तू!"

समरकंदात आमच्या विद्यापीठाच्या चहाच्या खोलीत ती, सगळ्यांची ओपा म्हणजे थोरली बहीण, एकतीस वर्षं चहा देत होती, पियाले विसळत होती. पियाला फुटला तर टाकून देत नसे. बाजारातल्या म्हाताऱ्याकडून पितळी टाके घालून आणी. माझ्या पियाल्याला चार टाके होते. मी ग्रंथपाल, पण ती मला शिक्षकासारखं दोम्ला म्हणे. मी कुणाशी फारसा बोलत नसे. तिच्याकडे मात्र रोज दोनदा जाई.

त्या वर्षी पर्यावरणाचा विषय सक्तीचा झाला. प्राध्यापक एर्गाशेव लिफ्टने दुसऱ्या मजल्यावर जात आणि शाश्वत वर्तनावर व्याख्यान देत. मुलांकडून एकच प्रश्नावली दोनदा भरून घेतली, शिकवण्याआधी आणि नंतर. दुसऱ्या वेळी कुठली उत्तरं हवीत ते मुलांना कळलेलं होतं, एवढाच फरक. एर्गाशेव त्याला सत्तावीस टक्के सुधारणा म्हणाले.

सेविंच नावाची त्यांची हुशार विद्यार्थिनी ओपाकडेही प्रश्नावली घेऊन आली.

"ओपा, तुम्ही पुनर्वापर करता का?"

"ते काय असतं, पोरी?"

सेविंचने 'नाही'वर खूण केली आणि टाके घातलेल्या पियाल्यातला चहा संपवला.

मग समिती बसली. पियाले विसळण्यात पाणी वाया जातं, असं ठरलं. त्याऐवजी यंत्र येणार होतं आणि हिरवं पान छापलेले कागदी पेले. यंत्र आल्यावर ओपाचं काम उरत नव्हतं. समितीतल्या पाच जणांच्या सह्या हव्या होत्या, पाचवी माझी. घरी मी तीनदा हरकत लिहून काढली. तिन्ही वेळा भाषा बरी वाटेना.

"तुम्ही वाचणारी माणसं," एर्गाशेव म्हणाले. "तुम्हाला वेगळं काय सांगायचं?"

खरंच, सांगायची गरज नव्हती. मी सही केली.

ओपाच्या शेवटच्या दिवशी गेलो तेव्हा यंत्र सुरू झालं होतं, कोपऱ्यातली टोपली कागदी पेल्यांनी भरून वाहत होती. ओपा सामान बांधत होती.

"ओपा, मला त्या दिवशी बोलायचं होतं..."

"तुम्हाला? बोलायचं होतं?" ती हसली. "बसा, दोम्ला."

तिने चार टाक्यांचा माझा पियाला काढला, पुसला आणि ओतायला लागली. अर्ध्यावर थांबली नाही. एक थेंबही न सांडता काठोकाठ भरून तिने तो माझ्यापुढे ठेवला.

उचलला असता तर सांडला असता. मी उठून उभा राहिलो आणि वाकून तोंड लावलं.