पेत्रोच्या आईचं गाव

दत्ताराम कामगारांच्या रांगेतून पुढे सरकला, तसं जयवंतरावांनी मागून त्याच्या खाकी सदऱ्याचं टोक धरलं.

"मागे हो. पाहुणे म्हशी बघायला आलेत, तुला नाही."

"दोन शब्द बोलायचे होते."

"रशियनांशी? तू?" आरे कॉलनीतल्या त्या गोठ्याच्या हेडक्लार्कने आवाज खाली आणला. "ते साध्या कपड्यांतले दोघे बघितलेस? सकाळपासून एकेकाची कुळकथा विचारतायत. लाल बावट्याशी तुझं काही नाही ना रे? आधीच सांग. तुझ्याबरोबर माझीपण वाट लागायची."

"नाय हो. एक निरोप द्यायचो आसा."

निरोप अकरा वर्षांचा होता. महायुद्धात आफ्रिकेत लढताना पकडला गेलेला दत्ताराम जर्मनीतल्या छावणीत कैदी होता, तेव्हा काटेरी तारेपलीकडे पेत्रो होता. कुणी रशियन म्हटलं की तो मान हलवायचा, छातीवर हात ठेवून 'युक्रेन' म्हणायचा. हिंदी कैद्यांना खाण्याची पार्सलं येत. पलीकडे काहीच येत नसे. इकडून पाव टाकला की तिकडून पेत्रो नावं देई. स्वतःचं, बापाचं, गावाचं. आणि आईचं तर जात्यात मूठमूठ दाणे सोडावेत तसं, हळू, पुन्हा पुन्हा. फेब्रुवारीतल्या एका सकाळी दोघांनी त्याला पाय धरून ओढत नेलं.

सर्वपित्रीला दत्तारामची बायको जानकी पेत्रोसाठी एक पान वाढी आणि दरवर्षी विचारी, "त्याच्या आवशीक कोणी सांगितला असात काय वो?"

त्या आईला कळवायचं म्हणून दत्तारामने निरोप तेवढा जपून ठेवला होता.

पाहुणे धार काढणाऱ्यांभोवती जमले. त्यांचा दुभाष्या तेवढा सावलीला आला. घामाने भिजलेला लोकरी कोट, हातात वही.

"क्या मुझे थोड़ा जल मिल सकता है?" त्याचं हिंदी रेडिओसारखं होतं.

दत्तारामने तांब्या दिला आणि आपल्या फौजी हिंदीत घाईघाईने सांगून टाकलं. पेत्रो ओस्तापोविच. पुढे बापाचं नाव, आपल्यासारखंच. आई हान्ना. तिला कळवायचंय, पोरगा गेला, पंचेचाळीसच्या फेब्रुवारीत.

दुभाष्याने पेन्सिल काढली. "कहाँ?"

"जर्मनी में. कैंप में."

पेन्सिल थांबली. "बंदी था?"

"जी."

"आत्मसमर्पण किया था?"

शब्द जड होता, तरी दत्तारामला कळला. युद्धानंतर तो घरी परतला, तेव्हा उंबऱ्याबाहेर पायांवर पाणी घ्यायच्या आत थोरल्या भावाने हेच विचारलं होतं. हात वर केलस ना रे? त्यानंतर तो गावी राहिला नव्हता.

दुभाष्याने मान वळवून हॅट घातलेल्या जाड्या पाहुण्याकडे पाहिलं. जयवंतराव साध्या कपड्यांतल्यांकडे अगदी असंच बघत होते. दत्तारामची नजर वहीवर गेली. उद्या कुणीतरी म्हातारीचं दार ठोठावील, आणि तिला पोराची खबर देणार नाही. हाच प्रश्न विचारील.

"मेरा गलती हुआ, साब," तो म्हणाला. "वो आपका नहीं था. दूसरे मुलुक का होगा. लिखो मत."

"गाँव?"

"याद नहीं."



दुभाष्याने वही मिटली, खिशात घातली. पेन्सिलही घातली. मग तांब्या तोंडाशी धरून, न पिता, तो हळूच बोलला. "मैं कहूँगा, लड़ाई में मारा गया. गाँव बोलिए."

या आवाजात रेडिओ नव्हता. दत्तारामने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. धुतलेल्या बाटल्यांसारखे फिके डोळे; काही केल्या थांग लागेना. खरं बोलत असेल. नाहीतर न लिहिता लक्षात ठेवणं हीच त्याची नोकरी असेल.

तिकडून हाक आली. दुभाष्या हलला नाही.

"वेर्बिव्का," दत्ताराम म्हणाला. "नदी के बाजू में."

तांब्या परत देऊन तो निघून गेला.

"काय विचारत होता एवढं?" जयवंतराव लगेच जवळ आले.

"पाणी मागितलं."

"पाण्याला एवढा वेळ?"

मोटारी गोरेगावच्या रस्त्याला लागल्या, वळणाआड गेल्या. घरी गेल्यावर जानकी पहिलं हेच विचारील, कोणाकडे दिलात निरोप? आणि मग दत्तारामच्या लक्षात आलं, त्या माणसाचं नाव त्याने विचारलंच नव्हतं.