आपापला विमा

ऑरिनला मी लग्नाचं विचारलं ते रागाच्या भरात, आणि तेही बर्निसच्या बारमध्ये, शुक्रवारचे मासे खायला जमलेल्या भरगच्च गर्दीत. माझ्या तोंडाला लगाम नाही हे अख्ख्या गावाला माहीत आहे. पण त्या दिवशी बोलून गेल्यावर मलाच घाम फुटला.

ऑरिन म्हणजे आमच्या रस्त्याच्या टोकाचा दूधवाला शेतकरी. चाळीसेक गायी, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि छातीत दोन वर्षांपूर्वी बसवलेला स्टेंट. मी आर्डिस, शाळेची बस चालवते. दर शुक्रवारी आम्ही दोघं खिडकीजवळच्या टेबलावर बसतो, तळलेले मासे आणि बटाट्याचे पॅनकेक खातो, एकेक गोड ब्रँडी घेतो. तुमचं दोघांचं नक्की काय आहे, असं आमच्या विस्कॉन्सिनमध्ये कुणी कुणाला विचारत नाही. जत्रेत एकदा त्यानंच लग्नाचं विचारलं होतं, गायींच्या मांडवामागे, हातात चीजचा द्रोण घेऊन. मी हसण्यावारी नेलं. एक लग्न करून मी कानाला खडा लावला होता.

तर त्या उन्हाळ्यात जिकडेतिकडे एकच विषय. आरोग्य विम्याचा कायदा राहणार की रद्द होणार? बर्निसच्या टीव्हीवर तेच, चर्चच्या पायऱ्यांवर तेच. आणि आमचा ऑरिन रद्द करणाऱ्यांच्या बाजूचा. आता गंमत बघा, स्टेंट बसला तेव्हा त्याच्या खिशात विमा होता तो याच कायद्यामुळे.

"रद्दच झाला पाहिजे," त्या शुक्रवारी तो माशावर लिंबू पिळत म्हणाला. "विमा घे, नाहीतर दंड भर! अगं, मी माझ्या गायींवरसुद्धा एवढी जबरदस्ती करत नाही."

"तुझ्या गायींचा डॉक्टर गोठ्यात येतो. तुझ्याकडे कोण येणार?"

"आणि माझ्या चुलतभावाचं काय? त्याला हप्त्यात सरकारी सवलत नाही, हप्ता दुप्पट झालाय. जिल्ह्यात विमा कंपनी उरलीय एक. त्यानं जायचं कुठं?"

यात खोटं काही नव्हतं, म्हणून तर मी जास्तच चिडले. "मग दुरुस्त करा म्हणावं! पाडता कशाला? तू नवा गोठा उभा राहायच्या आधी जुना पाडला होतास का?"

"सिनेटर म्हणालेत, नवा कायदा आणणार."

"कधी? तुझ्या तेराव्याला?" आमच्यात तेरावं नसतं, पण मी जे काही बोलले त्याचा अर्थ तोच होता. "अरे, पूर्वी कंपन्या नुसतं छातीचं नाव काढलं की दार लावून घ्यायच्या. उद्या परत तसंच झालं तर गायी विकशील की जीव देशील?"

"बघू."

त्याच्या त्या 'बघू'नं माझं डोकं फिरलं. मी काटा ताटात आपटला. "बघू काय, बघू? माझ्याशी लग्न कर! शाळेचा विमा आहे माझा, नवऱ्यालाही चालतो. मग तुझ्या सिनेटरला काय घालायचा तो गोंधळ घालू दे!"

स्वयंपाकघरात तेल तडतडत होतं तेवढंच. कोपऱ्यातून कुणीतरी टाळी वाजवली आणि लगेच थांबवली. बर्निस हातात ताट घेऊन तशीच उभी.

ऑरिनचे कान लाल झाले. त्यानं रुमाल नीट घडी करून ताटाशेजारी ठेवला. "नको," तो म्हणाला. "असल्या कारणासाठी नको, आर्डिस." आणि अर्धा मासा तसाच टाकून निघून गेला. आमच्याकडे माणूस चर्चमधून मध्येच उठेल, पण मासा टाकून उठणार नाही.

पुढच्या शुक्रवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. "गेला उडत!" मी बर्निसला सांगितलं.

"अगं, जा की त्याच्याकडे," बर्निस म्हणाली. "वाट काय बघतेस?"

"मी? भर बारमध्ये 'नको' ऐकून घेतलं, आता दारात जाऊन परत ऐकू?"

पण खरं सांगते, मी भ्यायले होते. लग्न गेलं खड्ड्यात, तो जगला पाहिजे होता. सिनेटरच्या कार्यालयात मी रोज फोन करायचे. एक गोड आवाजाची मुलगी म्हणायची, "आपलं मत कळवते हं, मॅडम." एकदा तर मी तिला ऑरिनच्या गायींची नावंसुद्धा सांगितली. तिनं तीही कळवली असतील तर देव तिचं भलं करो.

आणि मग जुलैअखेरच्या एका शुक्रवारी सकाळी, कॉफी ठेवता ठेवता, रेडिओवर ऐकलं. वॉशिंग्टनला रात्री मतदान झालं होतं आणि कायदा रद्द करायचं विधेयक पडलं होतं. एका मतानं! मी हातातला चमचा टाकला आणि स्वयंपाकघरात एकटीच ओरडले. कॉफी तशीच सोडली, बूट घातले आणि गाडी काढली.

ऑरिन धारा काढत होता. गोठ्यातल्या रेडिओवर तीच बातमी चालली होती. मला बघून त्यानं भुवई उडवली. "आलीस का मिरवायला?"

"आले. हरलास तू."

"हरलो. पण माझं मत तेच आहे."

"असू दे तुझं मत तुझ्यापाशी." एवढं बोलून मला दम लागला. दम्याचं माणूस मी, त्यात गोठ्यातला भुसा. "एक सांग. त्या दिवशी नको का म्हणालास? मी काय एवढी वाईट आहे?"

त्यानं पुढच्या गाईची कास पुसली, यंत्र लावलं. माझ्याकडे न बघता बोलला, कारण महत्त्वाचं काही बोलायचं असलं की आमच्याकडचे पुरुष गाईशी बोलतात. "गेलेनबरोबर इतकी वर्षं का राहिलीस, ते तूच मला सांगितलं होतंस."

गेलेन माझा पहिला नवरा. कागदाच्या गिरणीत होता, आणि गिरणीचा विमा भक्कम. मला दमा, त्यामुळे बाहेर कुठलीही कंपनी मला उभं करायची नाही. गेलेननं हात कधी उचलला नाही, पण जीभ अशी की भाकरी घशाखाली उतरू नये. मी ऐकून घेतलं, कारण त्याच्या नावावर माझा श्वास चालत होता. शाळेनं मला बस दिली, बसबरोबर विमा दिला, त्याच आठवड्यात मी बॅग भरली. लोकांना वाटतं मला मुलांची आवड म्हणून मी बस चालवते. मुलं आवडायला लागली ती नंतर.

"उद्या तू मला कंटाळली असतीस," ऑरिन म्हणाला, "तर 'जा' म्हणता आलं नसतं तुला. आणि मला राग आला असता तर मलाही जाता आलं नसतं. तसलं एक लग्न झालंय तुझं. दुसरं माझ्याकडून नको."

मी उलट्या बादलीवर बसले आणि चक्क रडले. त्यानं खिशातला रुमाल दिला. त्याला दुधाचा वास येत होता, पण मी नाक पुसलं.

"बरं," मी म्हणाले. "आता तुझा विमा तुझ्यापाशी, माझा माझ्यापाशी. कुणाचं कुणावाचून अडलेलं नाही. आता विचारते. करतोस लग्न?"

त्यानं यंत्र काढलं, गाईच्या पाठीवर थाप मारली. "एक अट."

"बोल."

"मी माझाच विमा ठेवणार. लग्नानंतरसुद्धा."

"तोच ना, जो तू रद्द करायला निघाला होतास?"

"तोच."

"अरे वेड्या, शाळेचा मिळत असताना तो घेतलास तर तुझी सवलत जाईल!"

"जाऊ दे. दोन गायी जास्त पाळीन. दार दोघांनाही उघडं पाहिजे."

"आणि मत कुणाला देशील?"

"आजवर ज्यांना देत आलोय त्यांनाच."

"देवा!" मी म्हणाले, आणि हो म्हणाले.

त्या संध्याकाळी तो माझ्याही आधी खिडकीजवळ येऊन बसला होता. बर्निसनं न विचारता दोन ब्रँडी आणल्या. आमचं तोंडच असं होतं की सांगायची गरज पडली नाही. "पैसे नकोत," ती म्हणाली, "फक्त आज भांडू नका."

एवढंच जमलं नाही. चुलतभावाच्या हप्त्यावरून तो सुरू झाला, मी गोठ्यावरून सुरू केलं, आणि दोघांचे आवाज असे चढले की शेजारच्या टेबलवाल्यांनी खुर्च्या सरकवल्या. मासे पार गार झाले. त्या दिवशी दोघांपैकी कुणालाही उठून जाता आलं असतं. बर्निसनं दिवे मालवायला घेतले तरी आम्ही तिथेच भांडत बसलो होतो.