काका तीनदा म्हणाले होते

गुरुवारी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी गिरीशकाकांनी स्वानंदीला फोन केला आणि सांगितलं, की तळ्यात बुडणाऱ्या माणसाला त्यांनी वाचवलेलं नाही.

स्वानंदी अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावच्या एका छोट्या दैनिकात बातमीदार. सोमवारी गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला बसलेला एक म्हातारा बर्फ फुटून आत गेला. काठावरच्या घरातून कुणीतरी धावत जाऊन त्याला ओढून काढलं. म्हातारा हॉस्पिटलमध्ये, बोलण्याच्या स्थितीत नव्हता. पोलिसांच्या नोंदीत घराचा पत्ता होता आणि नाव काकांचं. बातमी तिनेच दिली: बहात्तर वर्षांचे निवृत्त इंजिनिअर, धाडसी आणि तितकेच विनम्र. तीन दिवसांत दोन टीव्ही चॅनेल येऊन गेले, महाराष्ट्र मंडळाने शाल-श्रीफळ ठरवलं, शनिवारी महापौर मानपत्र देणार होते.

"काका, तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की! तीनदा म्हणालो, मी काही केलं नाही."

"अहो, सगळेच काका तसं म्हणतात! मला वाटलं, मॉडेस्टी."

"मी काठावरून ओरडत होतो, 'वीणा, मागे फिर!' एवढंच माझं कॉन्ट्रिब्यूशन."

स्वानंदीला काकांच्या घरी मुलाखत घेतली तो दिवस आठवला. त्या दिवशी वीणाकाकूंनीच पोह्यांची बशी तिच्यापुढे ठेवली होती. त्यांच्या दोन्ही तळहातांना बँडेज होतं. तिने ते पाहिलं होतं, 'थँक यू, काकू' म्हणून पोह्यांवर लिंबू पिळलं होतं आणि पुन्हा काकांकडे वळली होती.

"आणि टीव्हीवर काय सांगितलंत?"

"पहिल्या चॅनेलला म्हणालो, काही केलं नाही. दुसऱ्याला तेवढंही म्हणालो नाही."

"काकू काय म्हणतात?"

"माझा सूट ड्रायक्लीनला टाकून आली. म्हणाली, महापौरांसमोर चुरगळलेला नको."

स्वानंदीने तीन ओळींचा खुलासा लिहिला. चूक बातमीदाराची, हे पहिल्याच ओळीत. संपादकांनी तो वाचला आणि म्हणाले, त्या बाईंच्या तोंडचं एक वाक्य आण, पावणेसहाच्या आत. नाहीतर खुलासा शनिवार उलटल्यावर छापू.

काकूंनी चौथ्या फोनला उत्तर दिलं. तिने आधी माफी मागितली, मग विचारलं. बँडेजबद्दलही विचारलं.

"मी काही केलं नाही गं," काकू म्हणाल्या. "कुकर लावलाय, ठेवते."

पाच पस्तीस झाले होते. खुलाशातली काकूंची ओळ रिकामी होती.